विमानाचा एक तास, जीपचे दहा

मुंबई इथनं किती लांब, असं विचारलं की आई म्हणायची, "दोन भाकरी आणि एक झोप." आबा, म्हणजे माझे वडील, गुळाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. निघताना आई त्यांना दोन वेळची भाकरी बांधून द्यायची. पहिली साताऱ्याच्या पुढं सोडायची, दुसरी पुण्याच्या पुढं, आणि मुंबईत गूळ उतरेपर्यंत ट्रकच्या सावलीला पटकूर पसरून झोप काढायची. या हिशेबात किलोमीटर कुठंच नव्हते. किलोमीटर माझ्याकडे होते. मी तेव्हा अकरावीत होते आणि गणितात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. जवळजवळ चारशे किलोमीटर, ताशी चाळीस, म्हणजे दहा तास, असं मी ऐटीत सांगितलं की आई चुलीपुढनं मान न वळवता विचारायची, "तुझ्या त्या वहीत घाट हायती का?"

उचगावात आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. हायवे जवळच, त्यामुळं दिवसभर गाड्यांचा आवाज घरात यायचा आणि तो आहे हेही आम्ही विसरून गेलो होतो. आबा ट्रक घेऊन गेले की आई काम करता करता त्यांच्या मागोमाग जायची. पीठ मळताना म्हणायची, "आता पेठनाका." धुणं वाळत घालताना, "सातारा गेलं असंल." ती स्वतः कधी कराडच्या पुढं गेली नव्हती, पण कुठल्या घाटात कुठल्या वळणावर ट्रकाचं इंजिन तापतं हे तिला तोंडपाठ होतं. आणि आबा पोचल्याचा निरोप येईपर्यंत ती घर झाडायची नाही. माणूस उंबऱ्याबाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये, ही चाल पुष्कळ घरांत असते. आईनं ती ताणून पार मुंबईपर्यंत नेली होती. सकाळी आबा निघाले की कांद्याची सालं, विलासनं सोललेली शेंगांची टरफलं, पायांनी आलेली माती, सगळं दिवसभर तसंच. मुंबईच्या अडत्याकडनं समोरच्या बसाण्णांच्या किराणा दुकानात फोन यायचा, बसाण्णा दारात येऊन ओरडायचे, "वैनी, गाडी लागली!" आणि मग आई केरसुणी उचलायची. माझ्या मैत्रिणी आल्या की मला त्या घराची लाज वाटायची. शास्त्र शिकलेली मुलगी मी, मला असल्या गोष्टींचा राग यायचा आणि तो मी बोलूनही दाखवायची.

आज माझी नात मुंबईहून विमानानं येते. बसल्यावर मोबाइलवर मला एक नकाशा पाठवते, त्यात बोटाच्या पेराएवढं विमान सरकत असतं. चहा उकळून गाळून होईपर्यंत ते साताऱ्याच्या वर आलेलं असतं. ती हसून म्हणते, "आजी, दादरहून विमानतळावर पोचायलाच जास्त वेळ लागला." मीही हसते. पण ती दारात येईपर्यंत माझ्या घरात कोणी केरसुणीला हात लावत नाही. कामाला येणाऱ्या बाईंना मी खरं कारण कधीच सांगितलेलं नाही, पाठ दुखते, पडून आहे, उद्या झाडू, असं काहीतरी सांगते. ते कारण आता इथं लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ विलास तेव्हा तेरा वर्षांचा होता. लहानपणी त्याला सांध्यांचा ताप आला आणि जाता जाता त्या तापानं हृदयाची एक झडप आवळून टाकली. त्या वर्षी त्याला आडवं झोपणं जमेना. आई गाद्यांची चळत भिंतीला लावायची आणि तो तिला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. स्टोला पंप मारताना होतो तसा त्याचा श्वास वाजायचा. त्या आवाजाची आम्हा सगळ्यांना इतकी सवय झाली होती की तो मध्येच थांबला तर तिघंही एकदम जागे व्हायचो. कोण आधी उठून त्याच्या नाकाजवळ हात नेणार, यात कधीकधी आमची डोकी एकमेकांवर आपटायची. मला त्या वर्षातलं दुसरं काही आठवत नाही, फक्त भीती आठवते, आणि ती घरात मिठासारखी सगळ्यात मिसळलेली होती.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईत ऑपरेशन करावं लागेल, आणि रस्त्यानं मात्र नेऊ नका. दहा तासांचे हादरे आणि तीन घाट याला सोसायचे नाहीत. उजळाईवाडीवरनं आठवड्यातले काही दिवस एक लहान विमान उडतं, तासाभरात मुंबई. हे ऐकून आबांचं तोंड उतरलं. उभी हयात त्यांनी लोकांचा गूळ मुंबईला पोचवला होता, आणि आता त्यांच्या स्वतःच्या पोराला त्यांच्या गाडीतनं नेता येणार नव्हतं.

"मी हळू नेतो की, डॉक्टरसाब," ते म्हणाले. "भरलेला तांब्या मागं ठेवा, थेंब सांडायचा न्हाय."

"तांब्याला हृदय नसतं, पाटील," डॉक्टर म्हणाले.

मुंबईच्या दवाखान्याची तार आली ती अगदी ऐनवेळी. उद्या दाखल करा, परवा सकाळी ऑपरेशन. विमानात दोनच जागा मिळाल्या. एक विलासची आणि दुसरी गारगोटीच्या मामांची, कारण मामा शाळामास्तर होते, त्यांना इंग्रजी वाचता यायचं आणि मुंबई पाहिलेली होती. आई विलासचे शर्ट पुन्हा पुन्हा घडी करत राहिली. पण त्या तारेत आणखी एक गोष्ट होती. विलासचा रक्तगट सहज न मिळणारा. त्याच गटाची चार माणसं बरोबर आणा, आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत त्यांचं ताजं रक्त घ्यायला हवं, नाहीतर ऑपरेशन पुढं जाईल. पुढं जाणं म्हणजे किती पुढं, ते आमच्या डॉक्टरांनी विचारल्यावरही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पुढं जायला नको."

माणसं आधीच हेरून ठेवली होती. डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्ताचं नाव काढलं तेव्हाच अख्खी तालीम तपासून घ्यायला रांगेत उभी राहिली होती. समोरच्याला चितपट करणारे गडी सुई बघून घामाघूम झाले, एकजण तर भिंतीला धरून खाली बसला. त्या सगळ्यांत गट जुळला तिघांचा, आणि चौथे आबा स्वतः. या तिघांतला मारुती इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता, त्याची रात्रपाळी सकाळी सुटायची. त्याला घेतल्याशिवाय निघता येत नव्हतं. आबांनी ट्रकमालकांची जीप मागून घेतली होती. मी वहीत मांडलं: सातला निघाले, दहा तास, म्हणजे पाच. सहाच्या आत पोचायचं. हातात एक तास. विमानाला मुंबईला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच आबांच्या हातात शिल्लक होता.

सकाळी मारुती आला तो केसांत कापसाचे तंतू घेऊन, तसाच जीपमध्ये चढला. आईनं चौघांच्या तळहातावर दही घातलं. भाकऱ्या आणि खर्डा कापडात बांधून दिला. आबांनी विलासच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू वरनं जा, मी खालनं येतो. बघू कोण आधी पोचतंय." विलास हसला, पण हसतानाही त्याला धाप लागली. जीप हायवेला लागेपर्यंत आई दारात उभी होती. तिनं "जा" म्हटलं नाही, कुणालाच कधी म्हणायची नाही. "या" म्हणाली.

विलास आणि मामा आठला रिक्षानं उजळाईवाडीला गेले, आणि आम्ही दोघी आभाळाकडं डोळे लावून बसलो. धुकं होतं. नऊचं विमान दहाला उडालं नाही, साडेदहाला उडालं नाही. विमानात आजवर आमच्या घरातलं कुणी बसलं नव्हतं. आबांच्या रस्त्यावर कुठं पाणी मिळतं, कुठं पंक्चर काढतात, कुठला ढाबेवाला ओळखीचा आहे, हे आईला माहीत होतं. आभाळात काय विचारायचं आणि कुणाला? ती अंगणात फेऱ्या मारत होती आणि मध्येच मला विचारायची, "त्येला वर थंडी वाजंल काय गं?" अकराच्या सुमाराला पत्रा थरथरला आणि विलासला घेऊन ते आमच्या डोक्यावरनं गेलं, इतक्या खालून की पोटाखालची चाकं दिसली. आईनं दोन्ही हात वर केले. नमस्कार होता की धरून ठेवायची धडपड, मला कळलं नाही. आवाज पार विरून गेल्यावरही तिचे हात वरच होते.

दीड वाजता बसाण्णांच्या दुकानात मामांचा ट्रंक कॉल आला. मीच घेतला. विलास पोचला होता, दाखल झाला होता, त्याला नळीनं प्राणवायू लावला होता आणि त्यानं नर्सबाईंकडे लिमलेटची गोळी मागितली होती. मी रस्ता ओलांडून धावत आले आणि ओरडले, "आई, पोचला!" आई रडली. मग पदरानं तोंड पुसून मारुतीरायाच्या देवळात नारळ फोडायला गेली. मी घरात एकटी राहिले. गाद्यांची चळत रिकामी होती. आवाज नव्हता. खोलीभर सकाळचा पसारा, माती, कापसाचे तंतू, दह्याचे थेंब. आनंदानं माझे हात शिवशिवत होते. पोचला ना, मग झालं, असं म्हणून मी केरसुणी घेतली आणि दोन्ही खोल्या कोपऱ्याकोपऱ्यातनं लख्ख झाडल्या, सुपली भरली आणि रस्त्याकडेच्या उकिरड्यावर टाकून आले. आई येऊन स्वच्छ घर बघेल आणि तिला बरं वाटेल, असं मला खरोखर वाटलं होतं.

आई दारात आली आणि नारळाचं भकल हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय केलंस गं सुमे?"

"झाडलं की. विलास पोचला न्हवं?"

"पोरगं पोचलं," आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता, अगदी हळू. "त्येचं रगात अजून रस्त्यावर हाय की."

विमानाच्या नादात मी आबांना विसरले होते. इतक्या वर्षांत ते ट्रक घेऊन गेले आणि आले, त्यांची काळजी आईनं केली, मी कधीच नाही. आबा पोचणारच, हे मी धरून चालले होते. आई रागावली नाही, मारलं नाही. तिनं सुपली घेतली, उकिरड्यावर गेली, वाकली, आणि हातानं केर गोळा करायला लागली. आपला कुठला आणि लोकांचा कुठला, हे ती कशावरून ओळखत होती कोण जाणे. कापसाचे तंतू दिसले तसे तिनं एकेक उचलले. रस्त्यावरनं जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. दुसरी वेळ असती तर मी लाजेनं मेले असते. त्या दिवशी मी तिच्याशेजारी बसले आणि टरफलं वेचायला लागले. तो केर घरात आणून तिनं जिथल्या तिथं पसरला. कुणाचाही असल्या गोष्टीवर विश्वास असो वा नसो, मी पुढं तीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि माझा आजही नाही, पण त्या दुपारी मी देवाकडे एकच मागणं मागत होते, की आम्ही सगळं वेचलेलं असू दे.

तीनच्या सुमाराला बसाण्णा स्वतः आले. ते एरवी दारातनंच ओरडायचे, आत आले तेव्हाच मला कळलं. त्यांच्या दुकानाशी पुण्याहून येणारा एक ट्रक थांबला होता, त्याच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं.

"वैनी, घाबरू नका," बसाण्णा म्हणाले. "खंबाटकीत टँकर आडवा झालाय. सकाळी धा वाजल्यापास्नं. दोन्ही अंगाला रांगा लागल्यात. त्यो गडी माघारी फिरून लोणंदवरनं आला म्हणं."

"कुणाला लागलंय?"

"त्ये काय त्येला म्हाईत न्हाय."

आईनं मनात मांडलं. सात, पावणेनऊला कराड, दहाला सातारा, अकराला घाट. आबा नेमके त्या रांगेत. किंवा, हे दोघींपैकी कुणी बोललं नाही, घाईनं गाडी हाणली असेल तर त्या टँकरच्या पुढ्यात. माझ्या वहीतला तो शिल्लक तास कधीच खर्च झाला होता. मी कागदावर आकडे फिरवत बसले, लोणंदवरनं गेले असतील तर किती, दोन तास अडकले असतील तर किती, आणि कसंही मांडलं तरी उत्तर सहाच्या पलीकडंच यायचं. आई म्हणाली, "ठेव ती वही." मी ठेवली.

चार वाजले, पाच वाजले. आईनं ना चूल पेटवली, ना पाण्याला तोंड लावलं. दोघी त्या पसरलेल्या केरात बसून राहिलो, पाय हलवायचीही भीती वाटत होती, टरफल इकडचं तिकडं होईल म्हणून. आता कुठं असतील हे आई सांगत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच आबा तिला कुठं दिसत नव्हते. सहा वाजल्याचं बसाण्णांच्या रेडिओवरनं कळलं. मी आईकडं बघितलं नाही. मला वाटलं, विलास गेला, आणि तो माझ्या हातानं गेला. हे मी तेव्हा मोठ्यानं बोलले की नाही आठवत नाही. आईनं माझा हात धरला एवढं आठवतं, तिच्या तळव्याला उकिरड्याची माती तशीच होती.

दिवेलागणीला बसाण्णांची हाक आली. आम्ही दोघी धावलो. फोनवर मामा होते आणि माझे शांत, हळू बोलणारे मामा चक्क ओरडत होते. "घेतलं! चौघांचं घेतलं!"

मागाहून सगळं कळलं. घाटाच्या पायथ्याला रांग दिसताच आबांनी जीप ओळखीच्या ढाब्यावर लावली, किल्ली मालकाच्या हातात दिली आणि चौघं पायी घाट चढायला लागले. पोरं तालमीतली, ती पळत होती. मारुती रात्रभर मागावर उभा राहून आलेला, तरी पळत होता. आबांचं वय झालं होतं, मध्येच त्यांना उमासे आले, तेव्हा दोघांनी त्यांना दोन्ही बगलांतनं धरून चढवलं. पलीकडच्या रांगेतनं पुण्याकडं माघारी वळवलेला एक गुळाचा रिकामा ट्रक मिळाला, पुण्यातनं टॅक्सी. तरी सहा वाजून गेलेच. रक्त घेणारा माणूस कुलूप घेऊन बाहेर आला, तर मामा उंबऱ्यावर फतकल मारून बसले आणि म्हणाले, "माझ्या अंगावर पाय देऊन दार लावा." तो माणूस बिचारा चांगला होता, तोही खुर्ची घेऊन दारात बसला. पावणेसातला चौघं आले. बसून दहा मिनिटं श्वास खाली येऊ दिला, मग एकेकाला आत घेतलं.

ऑपरेशन झालं. पण त्या संध्याकाळी आईनं घर झाडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं विसरली, म्हणून मी केरसुणीकडं नुसतं बघितलं, तर ती म्हणाली, "अजून घरी आल्यात व्हय?" मग रोजचा केर आम्ही दाराआड कोपऱ्यात लोटायला लागलो, बाहेर मात्र काही टाकायचं नाही. विलास आणि आबा मुंबईत सहा आठवडे होते. तो ढीग गुडघ्याएवढा झाला. येणारे-जाणारे नाक मुरडायचे, आई काही सांगायची नाही, मीही नाही. त्या दुपारचा विषय तिनं परत कधी काढला नाही, आणि त्यामुळंच मला रोज वाटायचं की तिनं मला माफ केलेलं नाही.

परतताना डॉक्टरांनी रस्त्यानं न्यायला परवानगी दिली. तीच जीप, ढाब्यावरनं मागवून घेतलेली. दहा तासांचा रस्ता आबांनी दोन दिवसांत कापला, मुक्काम साताऱ्याला. दुपारी हॉर्न वाजला. विलास स्वतःच्या पायांनी उतरला, छातीवरच्या टाक्यांना जपत, हळूहळू, आणि उंबऱ्यावर आई त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळत असताना मी त्याच्या श्वासाकडं कान लावून ऐकत होते. काही ऐकू येत नव्हतं. माणसाचा श्वास ऐकू येत नाही, हे मी विसरूनच गेले होते. तो आत येऊन गादीवर आडवा झाला, चक्क आडवा. मला रडू आवरेना. आता तरी, असं म्हणून मी दाराआडची केरसुणी उचलली आणि पहिला हात मारणार, एवढ्यात आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "तुझं आबा अजून भाईर हायती. गाडी लावाय लागल्यात."

मी केरसुणी हातात धरून उभी राहिले. बाहेर इंजिन बंद झालं. दार आपटल्याचा आवाज आला. आबांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या, तांब्यातनं पायांवर पाणी घेतलं आणि आत पाऊल टाकलं. आईनं माझं मनगट सोडलं.

"हां. आता झाड."